वॉरंट कुठाय? एका निवृत्त बेलिफाचं रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुलं पत्र

मा. गव्हर्नर साहेब,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

स. न. वि. वि.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. दिवाणी न्यायालयात ३१ वर्षं बेलिफ होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. बेलिफ म्हणजे कोण हे आपल्याला सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून सांगतो. कोर्टाचं समन्स घेऊन दारात येतो तो बेलिफ, आणि हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल, झाल्यावर जप्तीचं वॉरंट घेऊन येतो तोही बेलिफच. गावात आमचं स्वागत कसं होतं ते विचारू नका. मी गल्लीत सायकल घातली की बायका पोरांना आत ओढायच्या. माझं लग्न ठरताना मुलीकडच्यांना 'कोर्टात नोकरी आहे' एवढंच सांगितलं होतं, पुढचं लग्नानंतर कळलं.

तेव्हा वसुलीच्या बाबतीत मी हळव्या मनाचा आहे असं समजू नये. घेतलेलं कर्ज फेडलं पाहिजे, या मताचाच मी. कर्जदार काय काय करतो तेही ठाऊक आहे. पुढच्या दाराने बेलिफ आला की मागच्या दाराने म्हैस कशी निघून जाते, हे डोळ्यांनी पाहिलंय. तरी लिहायला बसलो, कारण बायकांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांची माणसं गेली दोन-तीन वर्षं माझ्या गल्लीत दिवेलागणीनंतर वसुलीला येऊन जे करतात ते वॉरंट खिशात असतानाही माझ्या हातून झालं नसतं. झालं असतं तर दुसऱ्या दिवशी निलंबनाचा कागद हातात पडला असता.

आम्ही ज्या कायद्याने बांधलेले होतो तो १९०८ सालचा, दिवाणी प्रक्रिया संहिता. इंग्रजांनी केलेली, आणि त्यांना आपल्या गोरगरिबांचा काही पुळका नव्हता. तरी तिचं कलम ६२ सांगतं की सूर्य मावळल्यावर आणि उगवायच्या आधी जप्तीसाठी कोणाच्या राहत्या घरात पाऊल टाकायचं नाही. डिसेंबरात सहाच्या आतच दिवस मावळतो. लांबच्या गावी पोहोचता पोहोचता उजेड गेला तर मी तसाच माघारी फिरायचो आणि वॉरंटावर कारण लिहायचो. घरात पडदा पाळणारी बाई असेल तर आधी तिला कळवायचं, बाहेर पडायला वेळ द्यायचा, मग खोलीत शिरायचं. कलम ५६ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटकच करता येत नाही. आणि कलम ६० मध्ये कशाकशाला हात लावायचा नाही त्याची यादी आहे: गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापुरती जनावरं आणि बियाणं, मजुराची मजुरी. शिवाय धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून उतरवायचे नसतात असे दागिने. आमच्याकडे त्याचा अर्थ मंगळसूत्र. (ही ओळ घालणारा साहेब कोण होता ठाऊक नाही, पण त्याने कुठल्या तरी मामलेदाराला नक्की विचारलं असणार.)

हे कलम ६० मी पुस्तकातून शिकलो नाही, मार खाऊन शिकलो. १९९१ साल असेल. नोकरीला तीन वर्षं झालेली, अंगात रग होती. एका शिंप्याविरुद्ध दरखास्त, म्हणजे हुकूमनामा बजावण्याचा अर्ज, होती. घरात जप्त करण्यासारखं काही नाही, आणि हुकूमनामा मिळवलेला सावकार माझ्या कानाशी लागलेला: मशीन घ्या, मशीन घ्या. मी घेतलं. पायाचं शिलाई मशीन हातगाडीवर घालून कोर्टात आणलं, जप्तीचा माल सांभाळणाऱ्या नाझरांच्या ताब्यात दिलं आणि मोठा पराक्रम केल्यासारखा घरी जाऊन जेवलो. दुसऱ्या दिवशी न्यायाधीश साहेबांनी चेंबरमध्ये बोलावलं. समोर संहिता उघडी. म्हणाले, वाच. मी मनात वाचलं. म्हणाले, मोठ्याने वाच. मग तेच मशीन त्याच हातगाडीवरून मी परत नेऊन दिलं, गाडीचं भाडं माझ्या खिशातून. शिंप्याच्या बायकोने चहा केला. तो मी उभ्यानेच घेतला.

आणि या सगळ्यावर कागद. वॉरंटावर कोर्टाचा शिक्का, रक्कम, तारीख. जप्ती केली तर दोन पंच, पंचनामा, वस्तूंची यादी, सुपूर्तनामा. नाही केली तरी अहवाल द्यायचा: गेलो, इतक्या वाजता गेलो, घराला कुलूप होतं. माझ्या तोंडून शिवी गेली तर तक्रार कुठे करायची हे त्या घरातल्या शाळकरी पोरालाही कळायचं. मी कोणाचा माणूस, कोणी पाठवला, याबद्दल कोणाच्या मनात शंका नसायची.

आता आमच्या गल्लीतलं सांगतो. घर कोणाचं ते लिहीत नाही; पाच-सहा घरांत थोड्याफार फरकाने हेच आहे. नवरा-बायको ऊसतोडीला जातात. आमच्याकडे अशा जोडप्याला एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घ्यायची, दिवाळीच्या मागेपुढे पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं, फडाजवळ कोपी घालून राहायचं, मार्च-एप्रिलात परतायचं. या बाईच्या नावावर तीन फायनान्स कंपन्यांची गटाची कर्जं आहेत. पहिलं ४५ हजारांचं, घरावर पत्रे घालायला. दर आठवड्याला ५५० रुपये, असे १०४ आठवडे. दुसरं सासऱ्याच्या ऑपरेशनला. तिसरं कशाला घेतलंस असं विचारलं तर खाली बघून म्हणाली, "पहिल्या दोघांचं भरायला, काका." तिन्ही मिळून आठवड्याला १,७३० रुपये, म्हणजे महिन्याला साडेसात हजारांच्या घरात.

कर्जाच्या फॉर्मची झेरॉक्स तिने मला दाखवली. कुटुंबाचं मासिक उत्पन्न २२ हजार. हा आकडा कोणी सांगितला? म्हणे, साहेबांनीच टाकला, नाहीतर बसत नव्हतं. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत हा आपला नियम आहे, आणि त्या निम्म्यात बसवायला उत्पन्नच फुगवलं. मुकादमाची उचल तर कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कुठल्याच क्रेडिट ब्युरोत नसते. ज्या सहा महिन्यांची मजुरी आधीच उचलून खर्चलेली आहे, त्याच सहा महिन्यांत दर मंगळवारी हप्ता. एका बाईला तीनपेक्षा जास्त कंपन्यांनी कर्ज देऊ नये असं कंपन्यांच्या संघटनेनेच ठरवलंय, एप्रिल २०२५ पासून. हिच्या तीनच आहेत. म्हणजे नियमात बसलं, आणि घरही बसलं.

गटाची रीत बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. दहा बायकांचा गट. एकीने नाही भरलं तर बाकीच्या नऊजणींनी वर्गणी काढून भरायचं, आणि पैसे पुरे झाल्याशिवाय मिटिंग उठत नाही. चुलीवर दूध असो, तान्हं पोर घरी असो, बसून राहायचं. मग काल जिच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या होत्या तिच्याच दारात उभं राहून नऊजणी भांडतात. कंपनीला बेलिफ लागतच नाही. शेजारीणच बेलिफ होते, तीही बिनपगारी. ज्या महिलांच्या एकीवर हे कर्ज उभं आहे असं सांगतात, ती एकी आमच्या गल्लीत आता हळदीकुंकवापुरतीही उरलेली नाही.

गेल्या हंगामात ती फडावर होती आणि हप्ते तुंबले. घरी म्हातारी सासू नि दोन नातवंडं. 'साहेब' (वय तेवीस-चोवीस) रात्री साडेआठला दारात मोटारसायकल लावून ओट्यावर बसला. म्हातारीला म्हणाला, सुनेचं आधार कार्ड बंद करतो, पोरांच्या शाळेत कळवतो, घराला कुलूप ठोकतो. पुढच्या खेपेला आणखी दोघांना घेऊन आला आणि त्यांनी गॅसची टाकी उचलून गाडीवर ठेवली. गल्लीतल्या पोरांनी कालवा केला म्हणून खाली उतरवली. सून गावी आली तेव्हा तिच्या गळ्यात नुसता काळ्या मण्यांचा दोरा होता. वाट्या कारखान्याच्या गावातल्या सराफाकडे. कोणी ओढून नेल्या नाहीत हे खरं. फोनवर फोन आले म्हणून तिनेच जाऊन ठेवल्या. कोर्टाला हात लावता येत नाही ते तिच्याच हाताने उतरवून घ्यायची ही युक्ती १९०८ च्या साहेबाला सुचली नव्हती.

आपण नियम केले नाहीत असं मी म्हणत नाही. १४ मार्च २०२२ चे आपले मायक्रोफायनान्सचे निर्देश मी चष्मा पुसून पुसून वाचले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज, ही व्याख्याच आहे. विनातारण म्हटल्यावर टाकी उचलण्याचा प्रश्नच येत नाही. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी करायची. लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा कर्जदार तिथे आला नाही तरच घरी किंवा कामावर जायचं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही. शिवीगाळ नाही, धमकी नाही, नातेवाईक-शेजाऱ्यांना त्रास नाही, कर्ज थकल्यावर काय होईल याबद्दल खोटी भीती घालायची नाही. वाचून वाटलं, हे लिहिणाऱ्याने आमच्या गल्लीतला ओटा पाहिलेला दिसतो.

मग अडतं कुठे? ३१ वर्षं कागद पोहोचवण्यात घालवलेल्या माणसाला ते पटकन दिसतं. बाहेरच्या वसुली एजंटाने नोटीस, अधिकारपत्र आणि ओळखपत्र जवळ बाळगायचं असं आपण लिहिलंय. पण आमच्याकडे बहुतेक वेळा येतो तो कंपनीचा स्वतःचाच नोकर. आणि जवळ बाळगणं वेगळं, समोरच्याच्या हातात देणं वेगळं. मी वाचलेल्या निर्देशांत, घरी आलेल्या माणसाने भेटीची लेखी नोंद त्या घरात ठेवून जावी असं सांगणारी ओळ मला सापडली नाही. हप्ता भरला की कार्डावर सही होते. हप्ता मागताना जे झालं त्याचा कुठे मागमूस राहत नाही. उद्या बाई म्हणाली रात्री साडेआठला आला होता, तर तो म्हणणार मी दुपारी चारला गेलो होतो. किंवा गेलोच नव्हतो.

तक्रार करा म्हणतात. आधी कंपनीकडे लेखी द्यायची, ३० दिवस वाट बघायची, मग आपल्या लोकपालाकडे. १४४४८ हा आपल्या बँकेचा तक्रारीचा नंबर मी गल्लीत चार ठिकाणी लिहून दिलाय. पण त्या ३० दिवसांत आठवड्याचे चार हप्ते येतात, म्हणजे तोच मुलगा आणखी चारदा त्याच ओट्यावर, आता तक्रारीचा राग मनात धरून. पोलिसांत गेलं तर ठाणे अंमलदार सांगतो, "हा दिवाणी मामला आहे, आमच्याकडे येत नाही." दिवाणी मामल्यात माझी हयात गेली, साहेब. दिवाणी मामला असेल तर दावा कुठाय, हुकूमनामा कुठाय, दरखास्त कुठाय, वॉरंट कुठाय? यातलं काहीही नसताना दुसऱ्याच्या घरातली टाकी उचलणं हा फौजदारी मामला आहे, हे सांगायला वकील लागत नाही.

त्या मुलाबद्दलही लिहिलं पाहिजे. एकदा मी त्याला माझ्या ओट्यावर बोलावून पाणी दिलं. दहा मिनिटांत शाखेतून सात फोन आले. किती झाले? अजून तिथेच आहेस? वसूल झाल्याशिवाय शाखेत तोंड दाखवू नकोस. शेजारच्या तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, बी.ए. झालेला. त्याच्या आईच्या नावावरही गटाचं कर्ज आहे, हे त्यानेच सांगितलं आणि मग गप्प झाला. मला माझ्या मागे उभ्या असलेल्या न्यायाधीशाची भीती होती. त्याला भीती आहे ती आकड्याची. माणसाला बिघडवायला एवढा फरक पुरतो.

आमच्या खात्याचा इतिहासही धुतल्या तांदळासारखा नाही, म्हणून उपदेशाचा आव आणत नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांचे खतपत्र, रोखे बाहेर काढून जाळले. तेव्हा सावकाराच्या हातातलं मोठं हत्यार कोर्टाचा एकतर्फी हुकूमनामाच होता, आणि तो बजावायला आमचेच पूर्वज जात होते. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला, तोही आधी पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चारच जिल्ह्यांपुरता. (आमचं बीड तेव्हा निजामाच्या मुलखात, आमच्या वाट्याला तेवढंही नाही.) पण त्या कायद्याने कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं. एवढं व्हायला आधी रोखे जळावे लागले.

मला कर्जमाफी नको आणि कंपन्यांची हकालपट्टीही नको. आंध्रात ऑक्टोबर २०१० मध्ये आत्महत्यांच्या बातम्यांनंतर अध्यादेश निघाला, वसुली ठप्प झाली आणि नवीन कर्जही आटलं. या कंपन्या उद्या आमच्या गावातून उठल्या तर बाई सराफाकडे आणि मुकादमाकडेच जाणार, तो तर कुठल्याच निर्देशांत येत नाही. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली; त्याच वर्षी तमिळनाडूनेही कायदा केला. महाराष्ट्राने करावा का? करावा, जरूर. पण दहा वर्षांच्या कैदेलाही पुरावा लागतो, आणि पुरावा लागला की पुन्हा गाडी त्या ओट्यावर येऊन थांबते.

म्हणून माझं मागणं लहान आहे, कारकुनी आहे. वसुलीसाठी घरी जाणाऱ्या प्रत्येक माणसाने, मग तो एजंट असो की पगारी नोकर, मराठीत छापलेली चिठ्ठी त्या घरात ठेवून जावी. तिच्यावर त्याचं नाव, शाखा, येण्याची आणि जाण्याची वेळ, कोणत्या दोन मिटिंगना कर्जदार आली नाही त्यांच्या तारखा, थकलेली रक्कम आणि त्याची सही. खाली दोन ओळी मोकळ्या, घरच्यांना काही लिहायचं असेल तर. चिठ्ठी नसेल तर ती भेट बेकायदा, आणि त्या भेटीत घेतलेल्या पैशाचा खुलासा कंपनीने करायचा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे हप्ते हंगामाप्रमाणे लावून द्यावेत, हेही जाता जाता सांगतो. कोयता कधी निघतो आणि कधी परततो हे शाखेला तोंडपाठ असतं. आपला हात पोहोचत नाही असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अवाच्या सवा व्याजासाठी चार वित्त कंपन्यांना नवीन कर्ज द्यायला आपण मनाई केली, त्यात दोन मायक्रोफायनान्सच्या होत्या. व्याजाचा हिशेब कागदावर होता, म्हणून सापडला.

चिठ्ठी कशी असावी याचा नमुना सोबत जोडतो. सवय जात नाही, म्हणून परवा मी स्वतःच एक पंचनामा केला. नावं आपल्याकडे पाठवलेल्या प्रतीत आहेत, इथे गाळली आहेत.

पंचनामा. मंगळवार, रात्रौ ७ वाजून ४० मिनिटे. आम्ही खाली सही करणार पंच क्र. १ (धंदा किराणा दुकान) व पंच क्र. २ (निवृत्त शिक्षिका) समक्ष हजर राहून लिहून देतो की, कर्जदार बाईच्या राहत्या घरासमोर एक इसम मोटारसायकलवर आला. ओळखपत्र विचारले असता शर्टाच्या खिशात असल्याचे सांगितले, दाखविले नाही. वॉरंट, नोटीस किंवा अधिकारपत्र विचारले असता 'ते कशाला लागतं' असे म्हणाला. कर्जदार बाई घरी नव्हती. तिच्या सासूस, वय अंदाजे ७०, 'पोलीस घेऊन येतो' असे तीन वेळा म्हणाला. सासूने घरातून ५० रुपये आणून दिले, ते घेतले. पावती दिली नाही. घरातील मुलगी, इयत्ता सहावी, दप्तर घेऊन आत गेली व आतून कडी लावली. सदर इसमास हा पंचनामा वाचून दाखवून सही करण्यास सांगितले. त्याने सही करण्यास नकार दिला. पाच मिनिटांनी तो परत आला व ५० रुपये ओट्यावर ठेवून गेला. वेळ ८ वाजून ५ मिनिटे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बेलिफ